एकतीस नंबरच्या पाकिटावरची तारीख

जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, कल्याणमध्ये झालेल्या संशोधन समितीच्या बैठकीत माझ्या पत्नीच्या प्रबंधातले नऊ नमुने बाजूला काढण्यात आले. क्रमांक सव्वीस ते चौतीस. इतिवृत्तात कारण एका ओळीत नोंदवलं गेलं: पानांच्या पाकिटांवरची तारीख आणि दाबून वाळवलेल्या झाडांच्या शीटवरची तारीख जुळत नाही. सात आठवड्यांनी ते नऊही नमुने पुन्हा ग्राह्य धरले गेले. मधल्या काळात जे झालं ते क्रमाने लिहितो आहे. चूक माझी होती.

पत्नी डोंबिवलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, बहुतेक वर्षं रात्रपाळीला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आम्ही कोपरीत राहतो. तिने पीएचडीची नोंदणी पन्नाशीच्या आसपास केली. शिकवणं, पेपर तपासणं आणि घर सांभाळून ते काम लांबत गेलं. मुदतवाढ दोनदा मिळाली होती, तिसरी मिळणार नव्हती. मार्चअखेर प्रबंध जमा झाला नसता तर नोंदणी रद्द झाली असती.

प्रबंधाचा विषय फोडशी. पावसाळ्यात बाजारात येणारी ही रानभाजी, काही जण तिला कुलूची भाजी म्हणतात. गवतासारखी लांब पाती, मुळाशी पांढरी. डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला मलंगगडाकडच्या गावातून येणाऱ्या एक बाई ती विकायला बसतात. पत्नी कॉलेजातून परतताना त्यांच्याकडून भाजी घेते. काही वर्षांपूर्वी तिने पाहिलं की बाई जुड्या दोन ढिगांत वेगळ्या लावतात. मीही तिच्याबरोबर होतो.

“मावशी, दोन्ही सारख्याच दिसतायत की,” पत्नी म्हणाली.

“तुला दिसतात. ही रुंद पात्याची हाय ना, ही शिजते. बारकी चिवट ऱ्हाते.”

“आणि ही बाजूला ठेवलेली?”

“ती दोघींच्या मधली. फुलली का बारकीच वाटते, पन शिजते रुंदीवानी. अशी असतात थोडी. ती मी घरला नेते, गिऱ्हाइकाला नाय देत. उद्या भांडायला याल.”

रुंद आणि बारीक या दोन वेगळ्या प्रजाती आहेत की एकाच प्रजातीची दोन रूपं, हा प्रश्न पत्नीने त्या ढिगांवरून घेतला. भाजी बाजारात येते तेव्हा तिला फूल नसतं, आणि फुलाशिवाय नुसत्या पात्यावरून ठामपणे सांगणं अवघड असतं. म्हणून तिने फुलं आणि बिया तर पाहिल्याच, शिवाय पानांतला डीएनए तपासून घेतला.

हा भाग तिने मला जेवताना समजावला होता. पानांच्या पेशींत जे हिरवे कण असतात त्यांना हरितलवक म्हणतात. हरितलवकात त्याचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, आणि बहुतेक फुलझाडांत तो फक्त बी धरणाऱ्या झाडाकडून, म्हणजे आईकडून, पुढे जातो. परागातून येत नाही. त्यामुळे हरितलवक वाचलं की झाडाच्या आईकडची वंशरेषा कळते. दोन प्रजाती खरोखर वेगळ्या असतील तर त्यांची हरितलवकंही साधारणपणे दोन गटांत पडतात.

“साधारणपणे म्हणजे?” मी विचारलं होतं.

“कधीतरी एकीच्या फुलावर दुसरीचा पराग पडतो. रोप होतं. ते रोप आणि त्याच्या पुढच्या पिढ्या बापाच्याच प्रजातीत मिसळत गेल्या तर झाड दिसायला बापासारखं होतं. हरितलवक मात्र त्या पहिल्या आईचंच राहतं.”

“म्हणजे आडनाव बापाचं.”

“आणि लवक आईचं. आता वरण घ्या.”

तिने एकूण चाळीस झाडं घेतली. प्रत्येक झाडाच्या पानाचा तुकडा सिलिका जेल घातलेल्या पाकिटात जायचा. बुटांच्या खोक्यात ओल शोषायला पुड्या असतात, तेच हे. उरलेलं झाड फुलासकट वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवायचं आणि मग जाड कागदावर चिकटवायचं. त्या कागदाला शीट म्हणतात. पाकीट प्रयोगशाळेत जातं, शीट कपाटात राहते, आणि दोन्हींवर एकच क्रमांक असतो. प्रयोगशाळेने ज्या पानाचा डीएनए वाचला ते नेमकं कुठल्या झाडाचं होतं, याचा पुरावा म्हणजे ती शीट.

निकाल आला तेव्हा एकोणचाळीस नमुने आपापल्या गटात गेले होते. एक गेला नव्हता. नमुना एकतीस फुलाने, बीने आणि पात्याने बारीक प्रकारचा होता, पण त्याचं हरितलवक रुंद प्रकाराचं निघालं. भाजीवाल्या बाई ज्याला मधली म्हणत होत्या ते हेच असावं, असं पत्नीचं मत झालं. दोन प्रजाती वेगळ्या आहेत, पण त्यांच्यात कधीतरी संकर झाला होता, एवढं ते एक झाड दाखवत होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर उभं होतं.

समितीतल्या एका निवृत्त प्राध्यापिकेने बैठकीआधी पाकिटांचे आणि शीटचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. नऊ पाकिटांवर रविवारची तारीख होती. त्याच नऊ क्रमांकांच्या शीटवर आदल्या दिवसाची, शनिवारची. गेल्या जुलैतली ही गोष्ट. शनिवारी पत्नी कळव्याच्या बाजूने पारसिकच्या डोंगरावर गेली होती. रविवारी ती खरोखरच दुसरीकडे गेली होती: मलंगगडाच्या पायथ्याशी, विद्यार्थिनींना घेऊन. तिथून तिने वर्गात दाखवायला रुंद फोडशी आणली होती.

प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे विचारलं, “रविवारची रुंद पानं शनिवारच्या पाकिटांत गेली नाहीत, हे तुम्ही कशावरून सांगता?”

एकतीस नंबरचा चमत्कारिक निकाल त्या एका शंकेने पूर्ण स्पष्ट होत होता. आणि पाकिटांची एकदा अदलाबदल झाली असं मानलं, तर बाकीच्या नमुन्यांवर तरी विश्वास का ठेवायचा?

ती दुपारी घरी आली. पर्स टेबलावर ठेवली आणि मोबाइलवरचे फोटो माझ्यासमोर धरले. पेन्सिलीने लिहिलेली नऊ पाकिटं. तिची आणि नमुने गोळा करताना तिच्याबरोबर असणाऱ्या विद्यार्थिनीची अक्षरं मला ओळखू येतात. ही दोघींचीही नव्हती.

“हे माझं अक्षर आहे,” मी म्हणालो.

“ते मलाही दिसतंय. तारीख कुठून आणलीत?”

त्या शनिवारी नेहमीची विद्यार्थिनी तापाने झोपली होती म्हणून मी गेलो होतो. उतारावर पत्नी झाड उपटायची, पानाचा तुकडा माझ्या हातात द्यायची, क्रमांक सांगायची आणि पुढे जायची. मी पाकिटावर क्रमांक आणि तारीख लिहायचो. तिच्या वहीत तिने स्वतः लिहिलं. शीटवरची माहिती पुढे त्या वहीवरून उतरली गेली. पाकिटं क्रमांकाने लावली गेली, तारीख कोणी पाहिली नाही.

“उद्याची घातली,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“शनिवारी रविवारची घातली. सवयीने.”

हे समजायला रात्रपाळी माहीत असावी लागते. रात्री वर्तमानपत्राचं जे पान लागतं त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख असते. बातमीदाराने ‘आज’ लिहिलेलं असतं, ते आम्ही ‘काल’ करतो, कारण वाचक सकाळी वाचणार असतो. अनेक वर्षं मी रोज कामाला बसताना पहिली गोष्ट म्हणून उद्याची तारीख लिहिली. ती सवयच हाताला लागली. मुलीच्या जन्माच्या वेळी रुग्णालयाच्या अर्जावर मी पुढच्या दिवसाची तारीख घातली होती. नर्सने “अजून उजाडली नाही हो ती” म्हणून खोडली होती.

पत्नीला हा प्रसंग आठवत होता.

“अहो,” ती मग म्हणाली, “मी तुम्हाला पानं भरायला नेलं होतं. पेपर काढायला नाही.”

तिच्या आवाजात राग होता, पण बैठकीतून आली तेव्हा चेहऱ्यावर जे होतं ते गेलं होतं. तोवर तिला स्वतःच्याच कामावर शंका आली होती. रविवारी संध्याकाळी दमलेली असताना आपल्याच हातून पाकिटं मिसळली की काय, हे ती कल्याणहून कोपरीपर्यंत आठवत आली होती.

मी रक्तदाबाची वही काढली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज सकाळी नोंद ठेवतो. जुलैच्या पानावर सहा ठिकाणी तारीख एक दिवसाने पुढे होती. एका नोंदीपुढे डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण ती त्यांनी वही पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्या प्रश्नचिन्हाबद्दल मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

पत्नीने तिच्या मार्गदर्शकांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“म्हणजे मॅडम, साक्षीदार कोण? मिस्टर?”

“हो सर.”

“आणि चूक कोणी केली?”

“त्यांनीच.”

“मग समितीला काय सांगू? आरोपी आणि साक्षीदार एकच आहेत, आणि पुराव्यादाखल बीपीची वही जोडतोय?”

त्यांचं बरोबर होतं. माझ्या टेबलावर अशी बातमी आली असती तर मीही थांबवली असती. सांगणारा संबंधितांच्या घरातला, आणि दुसरीकडून दुजोरा नाही. ज्या वर्तमानपत्रांत ती झाडं दाबली होती ती मी रद्दीत दिली होती. असती तरी त्यांतून एवढंच कळलं असतं की झाड त्या अंकाच्या आधी दाबलेलं नाही.

दुजोरा एकाच ठिकाणी मिळणार होता. शीटवर चिकटवलेलं झाड निर्विवादपणे शनिवारचं होतं. त्याच झाडाचा तुकडा कापून पुन्हा तपासायचा. पाकिटातल्या पानाचा आणि शीटवरच्या पानाचा डीएनए एकच निघाला तर पाकीट त्याच झाडाचं. समितीने हे मान्य केलं. अट एक: तुकडे समितीचा सदस्य कापेल.

निवृत्त प्राध्यापिकाबाई गुरुवारी डोंबिवलीला कॉलेजात आल्या. मी कपाटातून शीट काढून द्यायला गेलो होतो. त्यांनी चष्मा बदलला, चिमटा आणि कात्री स्वतःच्या पिशवीतून काढली आणि प्रत्येक झाडाचा नखाएवढा तुकडा कापून नव्या पाकिटात टाकला. मी पेन्सिल पुढे केली.

“नको,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लांब बसा.”

पत्नी हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली.

एकतीस नंबरपाशी प्राध्यापिकाबाई थांबल्या. पानं तीनच होती आणि मुळाकडे बुरशीचा करडा डाग होता. जुलैच्या ओल्या हवेत तेच झाड सर्वांत उशिरा वाळलं होतं. त्यांनी डाग सोडून वरचा तुकडा घेतला. दाबलेल्या झाडातला डीएनए तुटलेला असतो, पण एका पेशीत हरितलवकं पुष्कळ असतात, त्यामुळे ते वाचता येण्याची शक्यता जास्त, असं त्यांनी जाताना सांगितलं. खात्री दिली नाही.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आठ निकाल आले. आठही पाकिटं आपापल्या शीटशी जुळली. एकतीस नंबरच्या तुकड्यातून वाचण्याइतका डीएनए मिळाला नव्हता.

मार्गदर्शक त्या संध्याकाळी घरी आले. ते कळव्याला राहतात. चहा होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“मॅडम, आठ जुळलेत. पाकिटं मिसळली नव्हती हे कोणीही मान्य करेल. आता एकतीस काढून टाका. डाग पडलेलं झाड, तारीख चुकलेलं पाकीट. टेबल स्वच्छ होईल. दोन प्रजाती, दोन गट. या आठवड्यात छपाईला देता येईल.”

“आणि शेवटचं प्रकरण?”

“चार पानांचं करा. मार्चला किती दिवस राहिलेत?”

पत्नीने कप खाली ठेवला. “सर, एकतीस काढलं तर टेबल जे सांगेल ते खरं नाही. दोन गट स्वच्छ नाहीतच. ती मावशी एवढी वर्षं मधली जुडी वेगळी काढतेय. मी पुढच्या पावसाळ्यात तिला काय सांगू? माझ्या प्रबंधात मधली नाही म्हणून?”

“ती तुमची परीक्षक नाही.”

“नाही. पण विषय तिचाच घेतलाय.”

मार्गदर्शक माझ्याकडे वळले. “तुम्ही समजवा.”

“मला लांब बसायला सांगितलंय,” मी म्हणालो.

सर गेले तेव्हा चिडलेले नव्हते. जिन्यावरून त्यांनी विचारलं की दुसऱ्या प्रयत्नाला तुकडा शिल्लक आहे का. शीटच्या कोपऱ्यात एक लहान पाकीट चिकटवलेलं असतं, झाडाचे गळून पडलेले तुकडे त्यात ठेवतात. एकतीस नंबरच्या त्या पाकिटात पात्याचा बोटाच्या पेराएवढा भाग होता. तो प्राध्यापिकाबाईंनीच येऊन उचलला. या वेळी प्रयोगशाळेने डीएनए आखूड तुकड्यांमध्ये वाचायचं ठरवलं, कारण तुटलेल्या नमुन्यातून तेवढंच हाती लागतं.

त्यानंतर काही आठवडे सांगण्यासारखं काही घडलं नाही. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होत्या. पत्नी सकाळी डोंबिवलीला जायची, संध्याकाळी परत यायची आणि शेवटच्या प्रकरणाचे दोन मसुदे चालवायची, एक एकतीससह आणि एक त्याच्याशिवाय. दुसऱ्या मसुद्याची फाइल तिने काढली होती, पण तिच्यात पहिल्या परिच्छेदापुढे काही लिहिलं नव्हतं. मी घरातल्या कुठल्याही कागदावर तारीख घालायचं बंद केलं. दुधवाल्याची वही, गॅसची नोंद, सगळं तिच्याकडे गेलं. रक्तदाबाच्या नोंदी मी वारावर ठेवू लागलो.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला. मागे मुलींचा गलका आणि काचेच्या भांड्यांचा आवाज होता.

“जुळलं.”

“कुठलं?”

“एकतीस! अहो, दुसरं कुठलं राहिलंय?”

“कोणी कळवलं?”

“लॅबने. लेखी आहे. ईमेल आहे. आता दुसरा सोर्स मागू नका.”

“नाही मागत.”

“शीटवरच्या पानातही रुंदचंच लवक आहे. झाड बारीकचं, लवक रुंदचं. पाकीट त्याच झाडाचं होतं.” मग ती कोणाला तरी म्हणाली, “अगं, सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद कर ना,” आणि फोन ठेवला.

मी ती वेळ लिहून ठेवली. तारीख लिहिली नाही.

संध्याकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास उशिरा आली. येताना टेंभी नाक्याकडे वाट वाकडी करून मिठाई घेऊन आली होती. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही दिली. कशाबद्दल म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा तिने “एका भाजीबद्दल” असं सांगितलं आणि दार लावून बराच वेळ हसत बसली. जेवण झाल्यावर साडेआठला सोफ्यावर चष्म्यासकट झोपली. मी चष्मा काढून ठेवला. सकाळी सातपर्यंत ती उठली नाही.

त्या आठवड्यात समितीने नऊही नमुने ग्राह्य असल्याचं पत्र दिलं. शेवटचं प्रकरण एकतीससह राहिलं. प्रबंधाचा निष्कर्ष असा: फूल, बी आणि पातं या तिन्हींवरून दोन प्रजाती वेगळ्या ठरतात, हरितलवक बहुतांश त्याला दुजोरा देतं, एका झाडात ते देत नाही, आणि त्यावरून या दोन प्रजातींत पूर्वी संकर झाल्याचं दिसतं, म्हणून एकट्या हरितलवकावरून ही सीमा आखू नये. हे शेवटचं वाक्य प्राध्यापिकाबाईंनी पेन्सिलीने अधोरेखित केलं आणि समासात ‘बरोबर’ असं लिहिलं.

एक काम राहिलं होतं. शीटवरची किंवा पाकिटावरची जुनी नोंद चुकीची निघाली तरी खोडायची नाही किंवा काढायची नाही, असा रिवाज आहे. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवतात, जुनी तशीच राहते. पन्नास वर्षांनी कोणी पाहिलं तर आधी काय लिहिलं होतं आणि ते कोणी, का बदललं, दोन्ही कळावं. प्राध्यापिकाबाईंनी अशा नऊ चिठ्ठ्या मागितल्या.

मजकूर मी लिहिला. वर्तमानपत्रात खुलासा लिहितात त्या पद्धतीने, सहा ओळींचा. पत्नीने तो वाचला आणि लाल पेनने चार ओळी कापल्या.

“‘दिलगीर आहोत’ काढा. शीटला दिलगिरी लागत नाही.”

“मग काय ठेवू?”

“काय चुकलं आणि कशाने. बस.”

प्रबंध मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी जमा झाला. पावती दुपारी तीन वाजता मिळाली. भाजीवाल्या बाईंची जागा तेव्हा रिकामी होती. फोडशी पावसाळ्यात येते.

पुढच्या सोमवारी डोंबिवलीच्या कपाटासमोर पत्नीने नऊ शीटवर नऊ चिठ्ठ्या चिकटवल्या. एकतीस नंबरची चिठ्ठी उजव्या कोपऱ्यात, मूळ नोंदीच्या वरच्या बाजूला आहे. तिच्यावर पत्नीच्या अक्षरात असं लिहिलं आहे: ‘पाकिटावरची तारीख एक दिवस पुढची. कारण: लिहिणाऱ्याची सवय. पान याच झाडाचं, तपासून पाहिलं.’ खाली प्राध्यापिकाबाईंची सही आहे.